पत्रिकावाल्या काकांचं टेबल

रविवार, १२ जानेवारी. वेळ सकाळी साडेदहा. ठिकाण अकोला, जुने शहर, पत्रिकांच्या दुकानावरची खोली. हजर : वंदना मॅडम (मूर्तिजापूर), प्रशांत (भातकुली), बबनराव (अकोला) आणि मी (अमरावती). गैरहजर : कोणी नाही. काकांचं नाव कोणत्या रकान्यात टाकावं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून टाकलं नाही. ते जाऊन त्या दिवशी सत्तेचाळीस दिवस झाले होते.

ही नोंद माझ्या वहीतली. मी अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी यादी करते. काकांचं याच्या अगदी उलट होतं. त्यांनी स्वतःसाठी कधी काही लिहून ठेवलं नाही, पण दुसऱ्याचं नाव ऐकलं की ते विसरत नसत, आणि नुसत्या नावावर थांबतही नसत. गाव कोणतं, आईचं माहेर कुठलं, मामा काय करतात, हे कळल्याशिवाय माणूस पुरता भेटला असं त्यांना वाटत नसे. चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाची ही सवय समजण्यासारखी आहे. फक्त ती सवय त्यांनी भलत्याच ठिकाणी वापरली.

पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकांसाठी मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले. मुलाकडची मंडळी अकोल्याची, म्हणून छपाई तिथेच ठरली होती. मी प्रूफ तपासत होते आणि वरच्या खोलीतून बायकी आवाजात कोणीतरी ओरडलं, "दरवाजा तोडू नका, आत म्हातारी आहे!" मी पेन खाली ठेवलं. काका शांतपणे म्हणाले, "काही नाही बाई, खेळ सुरू हाय. मॅडम हायेत मूर्तिजापूरच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. तुमी प्रूफ पाहा." मी पाहिलं आणि तीन चुका काढल्या, त्यातली एक खुद्द नवरदेवाच्या आडनावात होती. काका माझ्याकडे बघत राहिले. "बाई, रविवारी मोकळ्या असता का? वर सगळे बोलनारेच भरले हायेत. ध्यानात ठेवनारं कोनीच नाही."

असा मी त्या टेबलावर गेले. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतात. जमेल की नाही अशी वेळ आली की फासा टाकायचा. पात्राची ताकद, हुशारी, जखमा हे सगळं एका कागदावर असतं. तोच कागद छापून घ्यायला अमरावतीच्या इंजिनिअरिंगची दोन मुलं काकांकडे आली होती. काकांनी विचारलं, "हे फॉर्म कायचे?" मुलांनी सांगितलं. पुढच्या रविवारी मुलं वरच्या खोलीत खेळायला बसली आणि काका बघायला. चार महिन्यांनी गोष्ट काका चालवत होते. मुलं शिकून नोकरीला लागली, गेली. टेबल राहिलं.

छापील कागदाच्या पाठीमागे काकांनी स्वतःचा एक तक्ता टाकला होता. त्यात मूळ गाव, आईचं गाव, मामा, आत्या आणि "आपले नम्र" असे रकाने होते. मी माझं पात्र सांगितलं : तलवार चालवणारी, भटकी बाई, गाव वगैरे काही नाही.

"भटकीले माय नसते का?" काकांनी विचारलं.

"असेल कुठेतरी."

"कुठंतरी नाही चालत बाई. उद्या ही मेली तर निरोप कोनाले द्यायचा?"

माझ्या पात्राला आई मिळाली, नंतर मामा मिळाला. तलवार मात्र दोन महिन्यांत सुटली. ती किल्ल्यावरच्या कोठाराची व्यवस्था बघायला लागली आणि तिथेच रमली. प्रशांत, जो भातकुली तालुक्यात कृषी सहायक आहे, मला म्हणाला, "ताई, तुमी इथं येऊनही ड्यूटीच करून राहिल्या." वंदना मॅडमचं पात्र म्हणजे तिरंदाज. सहा वर्षं त्या एकच पात्र खेळत होत्या. तिचा डावा डोळा कोणत्या लढाईत गेला, मामाने तिला घरातून का काढलं, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. एसटीतून निवृत्त झालेले बबनराव वाटाड्या होते आणि प्रत्येक जंगलात रस्ता चुकत.

आता कार्डांविषयी. हा खेळ जगभर चालवणारी एक परदेशी कंपनी आहे. तिचे मोठे सामने भरतात, नागपूरला वर्षातून दोनदा, पुण्याला एकदा. त्या सामन्यांत कंपनीची रंगीत कार्डं चालतात. एखाद्या कार्डाने फासा पुन्हा टाकता येतो, एखाद्याने मरता मरता वाचता येतं. सामन्याला किंवा कंपनीच्या मान्यताप्राप्त टेबलावर गेलात की एक पाकीट मिळतं. बाकी हवी तेवढी विकत घ्यायची. पाकीट बंद असतं, आत काय निघेल ते नशीब. आम्ही नागपूरला एकदाच गेलो. प्रवेश, गाडी, जेवण धरून माणशी जेवढा खर्च झाला, त्याहून जास्त किमतीची कार्डं समोरच्या एकेका खेळाडूच्या हातात होती. आमची पात्रं दुपारच्या जेवणाआधीच मेली. परतीच्या गाडीत काका बडनेऱ्यापर्यंत आमच्या मेलेल्या पात्रांचे कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "त्याईचे पात्र चांगले नव्हते बाई. पिशव्या चांगल्या होत्या."

त्यांनी यावर उपाय काढला तो दुकानातल्या मालाचा. उरलेल्या, मोडलेल्या, नमुन्याच्या लग्नपत्रिकांची थप्पी त्यांच्याकडे कायम असे. जाड कागद, सोनेरी कड. त्याची त्यांनी कार्डं कापली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतः लिहिलं : "एक वार चुकवा", "पाणी सापडेल", "शत्रू दोन मिनिटं ऐकून घेईल". नियम दोनच. कार्ड विकत मिळणार नाही, दुसऱ्याच्या पात्रासाठी काही केलं तरच मिळेल. आणि वापरायचं तेव्हा टेबलावर सगळ्यांसमोर फाडायचं, म्हणजे साठत राहणार नाही.

कार्डं वाटली गेली. चार महिने झाले, एकही फाटलं नाही. काका बुचकळ्यात पडले. बबनराव दरीत पडले तरी कार्ड काढेनात. मॅडमची तिरंदाज तापाने फणफणत होती, पर्समध्ये दोन कार्डं होती, आणि त्या नुसत्या बसून.

"फाडा ना मॅडम! मरून राहिली तुमची पोरगी!"

"काका, कसं फाडू? गणपती आहे त्याच्यावर."

काकांनी कार्ड हातात घेऊन उलटं केलं. सोनेरी, उठावाचा, छान गणपती होता. स्वतःच निवडून आणलेला. त्यांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनरावांनी खिशातून आपलं काढून दाखवलं, "माह्याही हाय. पडलो दरीत, पन म्हटलं जाऊ द्या." प्रशांत म्हणाला, "काका, माझ्यावर बुद्ध आहेत. तुमीच मुद्दाम देल्लं होतं पाहून. मी तर घरी फ्रेम केलं." काका तिथेच हसत सुटले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मग सगळी कार्डं गोळा करून खाली गेले आणि कटिंग मशीनवर वरचा भाग वेगळा केला. तेव्हापासून आमची कार्डं आखूड झाली आणि फाटू लागली.

काकांची खरी पद्धत मात्र वेगळीच होती. कार्ड टेबलावर आलं की ते विचारत, "हे तुले कोनं देल्लं?" म्हणजे गोष्टीत. पाणी सापडतं म्हणता, तर ती विद्या कोणाकडून आली? त्या माणसाचं नाव काय? तो आता कुठे आहे? त्याचं काय देणं लागता? समाधान होईपर्यंत फाशाला हात लावू देत नसत. प्रत्येक जण काहीतरी जुळवून सांगे आणि ते जुळवलेलं पुढच्या रविवारी गोष्टीत हजर होई. बबनरावांनी एकदा सहज एका आंधळ्या नावाड्याचं नाव घेतलं, तर तो नावाडी पुढे दीड वर्ष आमच्याबरोबर होता. फक्त मला हे कधी जमलं नाही. मी म्हणायची, "भांडारातून मिळालं." काका मान हलवून सोडून देत. "बाईले सूट हाय. बाई देतात, घेत नाहीत."

मॅडमच्या मनात एक गोष्ट होती. त्यांना त्यांची तिरंदाज पुण्याच्या दोन दिवसांच्या सामन्याला न्यायची होती. पण कंपनीची मान्यता असलेल्या टेबलावर जे घडतं तेवढंच धरलं जातं. आमच्या टेबलाला मान्यता नव्हती, म्हणजे बाहेरच्या लेखी मॅडमची सहा वर्षं नव्हतीच. मान्यता मिळाली तर जुनं खेळलेलंही दाखल करून घेणार होते. काकांनी अर्ज केला. कंपनीने कळवलं की अमरावतीला एक छोटा सामना भरणार आहे, तिथे एक टेबल चालवून दाखवा, प्रतिनिधी येऊन पाहील. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी "मान्यताप्राप्त टेबल" अशी सोनेरी अक्षरांची पाटी आधीच छापून टाकली. मी म्हटलं, थोडं थांबा. ते म्हणाले, "पत्रिका आधीच छापतात बाई. लगन झाल्यावर कोन छापते?"

अमरावतीला सगळी तयारी माझ्याकडे होती. हॉल, पाणी, नाश्ता, टेबलांचे क्रमांक. वेळ चार तास, गोष्टीतले प्रसंग पाच. घरची कार्डं चालणार नाहीत असं प्रतिनिधीने सकाळीच सांगितलं. पुण्याचा तरुण, बोलायला सभ्य. काका "बरं" म्हणाले आणि आमची आखूड कार्डं पिशवीत गेली. मला हायसं वाटलं. मॅडम तर सकाळपासून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या.

आमच्या टेबलावर नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला बसवला होता. त्याच्याकडे कार्डांचा अल्बमच होता. पहिल्याच प्रसंगात त्याने एकदम चौदा कार्डं मांडली. काकांनी पहिलं उचललं.

"हे तुले कोनं देल्लं?"

"विकत घेतलं, सर."

"ते तू घेतलं. तुह्या मानसाले कोनं देल्लं?"

"म्हणजे... दुकानातून घेतलं असेल त्याने."

"कोनाच्या? दुकानदाराचं नाव?"

तो हसला, पण काका उत्तराची वाट पाहत होते. त्याने नाव सांगितलं. मग काकांनी दुसरं कार्ड उचललं.

दुसऱ्या कार्डावर प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, चौथ्यावर मॅडमनी टेबलाखालून काकांच्या पायाला पाय लावला, आणि सहाव्या कार्डावर मी घड्याळ उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी ते बाजूला सरकवलं. गंमत अशी की नवव्या कार्डापासून तो नागपूरवाला स्वतःच सांगायला लागला. त्याच्या पात्राला एक मोठा भाऊ निघाला, भावाशी भांडण निघालं. चौदावं कार्ड त्या भावानेच दिलेलं निघालं. असं टेबल मी परत पाहिलं नाही. पण चार तास संपले तेव्हा पाचपैकी दोनच प्रसंग झाले होते. प्रतिनिधीने कागदावर लिहिलं : वेळेत पूर्ण नाही, अधिकृत कार्डांच्या वापरात अडथळा, मान्यता नाही. जाताना त्याने काकांना वाकून नमस्कार केला, हेही माझ्या नोंदीत आहे.

हॉल रिकामा झाल्यावर मॅडम बोलल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काका, तुमचं तत्त्व राहिलं. माझी सहा वर्षं गेली त्याचं काय?"

"गेली कुठी? खेळल्या तं तुमी."

"तुमच्या टेबलावर. बाहेर कोणी धरत नाही ते. सहा कार्डं विचारून सोडून दिली असती तर काय बिघडलं असतं?"

काका बराच वेळ खुर्च्या एकात एक ठेवत राहिले. मग म्हणाले, "मंग तुमी नागपूरले जा मॅडम. पैल्या पानापासून सुरू करा. मनापासून सांगून राहिलो. पन मामाले सोबत न्या."

मॅडम गेल्या. वर्षभर महिन्यातून एकदा मूर्तिजापूरहून गाडी पकडून नागपूरच्या मान्यता असलेल्या टेबलावर बसत राहिल्या. त्या रविवारी त्यांची खुर्ची आम्ही काढली नाही आणि भरलीही नाही. काका एकदाच याबद्दल बोलले, अकोल्याच्या स्टँडवर मला बसमध्ये बसवून देताना. "चुकलंच बाई माह्यं. मले समजत होतं घड्याळ. पन ते पोट्टं सांगून राहिलं होतं ना, त्याले मधातच कसं थांबवू?" थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडमचं मात्र मी नुकसान केलं. ते भरून द्यायला पाहिजे."

म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी मी लिहिला, त्यांनी सही केली. तोवर दुकान जवळजवळ बंदच होतं. लोक मोबाइलवर पत्रिका पाठवायला लागले होते. काका गिऱ्हाइकाला आपणच सांगत, "वीस छापा, देवाले आन् मामाले. बाकी मोबाइलवर धाडा." नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी चहा पिऊन ते दुकानाचं शटर उघडायला उतरले आणि पायरीवरच बसले. काकू म्हणाल्या, कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. मॅडम आम्हा सगळ्यांच्या आधी पोहोचल्या होत्या.

अर्जाचं उत्तर जानेवारीत आलं. त्याच्यासाठीच १२ तारखेची बैठक. अटी तीन. टेबल चालवणारी व्यक्ती कंपनीची परीक्षा उत्तीर्ण हवी. गोष्ट वेळेत संपली पाहिजे. प्रत्येक खेळाडूच्या नावावर या वर्षी किमान एक अधिकृत पाकीट नोंदलेलं हवं. जुन्या खेळाची वर्षं धरली जातील.

पहिली अट मॅडमनी नागपूरला परीक्षा देऊन आधीच पूर्ण केली होती. दुसरीवर त्या म्हणाल्या, "मी सहा कार्डांवर थांबेन." तिसरीवर बबनराव तडकले. "मी नाही घेत पाकीट. प्रश्न पैशाचा नाही. काका होते तवा दारात कोनाले विचारत होते का, का पाकीट हाय तुह्यापाशी? माह्याऐवजी दुसरा बसवा."

"बसा हो बबनराव," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. आत बारा पाकिटं होती. नागपूरच्या प्रत्येक बैठकीला मिळालेलं एकेक. सगळी बंद.

"उघडली नाहीत तुमी?" प्रशांतने विचारलं.

"उघडून काय करू? तिथे कोणी विचारतच नव्हतं, कोनं देल्लं म्हणून."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मग मॅडमनी एकेक पाकीट एकेकासमोर ठेवलं. "ही मी विकत घेतलेली नाहीत, तुम्हीही घेत नाही. मी देते आहे. नोंद तुमच्या नावावर करा. पण उघडल्यावर सांगावं लागेल. इथल्या नियमाने."

बबनरावांनी कुरकुरतच पाकीट फोडलं. कंदील निघाला. "हा मले त्या आंधळ्या नावाड्यानं देल्ला," ते म्हणाले. "त्याले कायले पाहिजे कंदील? तर लोकायले तो दिसावा म्हनून." काकू हसल्या आणि मग पदराने डोळे टिपत खाली गेल्या. प्रशांतला ढाल निघाली. ती त्याच्या पात्राच्या आत्याची होती, असं त्याने वीस मिनिटं सांगितलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

माझ्या पाकिटात किल्ली निघाली. मी म्हटलं, "भांडारातून मिळाली."

"नाही ताई," मॅडम म्हणाल्या. "ती सूट काकांची होती. मी नाही देत. कोणी दिली ते सांगा, मगच मी अर्जावर सही करते."

अर्ज शुक्रवारपर्यंत पाठवायचा आहे. आज बुधवार. तिघांच्या ओळी भरून झाल्या आहेत, कागदपत्रं जोडली आहेत, लिफाफ्यावर पत्ताही घातला आहे. मी दवाखान्यातून घरी येते, स्वयंपाक आटोपते आणि किल्ली समोर ठेवून बसते. तीन वेळा काहीतरी लिहिलं आणि खोडलं. किल्ली कोणी दिली ते मॅडमना फोन करून सांगायचं राहिलं आहे.